हॅमॉकमध्ये झोपलं की सकाळी सगळं ओलं: पाणी कुठनं येतं आणि काय करायचं

दिवाळी झाली, थंडी पडायला लागली की दरवर्षी तोच प्रश्न येतो. हॅमॉकमध्ये, म्हणजे दोन झाडांना बांधलेल्या कापडी झोळीत, झोपलो, रात्रभर पावसाचा थेंब नाही, वर टार्प (पाऊस अडवायला वरनं ताणायचं कापड) होता, तरी सकाळी पांघरूण वरनं ओलं, पाठीखाली चिकचिक आणि टार्पच्या आतनं थेंब लटकलेले, म्हणजे टार्प फाटलाय का दुकानदारानं फसवलं? बहुतेक वेळा टार्पला काहीही झालेलं नसतं. ते पाणी हवेतनं आलेलं असतं नाहीतर तुमच्याच अंगातनं. आणि मग माणसं पुढच्या वेळी काय करतात तर टार्प अजून खाली ओढतात, चारी बाजू बंद करतात, वरनं प्लास्टिकचा कागद घालतात आणि आदल्या वेळेपेक्षा जास्त भिजतात. म्हणून काही विकत घ्यायच्या आधी, काही बंद करायच्या आधी, ओल नेमकी कुठं आलीय ते बघा. प्रत्येक जागेचं कारण वेगळं हाय आणि एका जागेचा उपाय दुसऱ्या जागेला लावला की काम बिघडतं.

थोडं विज्ञान, लई नाही. गरम हवेत वाफ जास्त मावते, गार हवेत कमी. २० अंशाला एक घनमीटर हवेत साधारण १७ ग्रॅम वाफ मावते, १० अंशाला जेमतेम ९ ग्रॅम. हवा गार होत गेली की उरलेली वाफ जी वस्तू सगळ्यात गार तिच्यावर पाणी होऊन बसते, गार पाण्याच्या तांब्याला बाहेरनं पाणी सुटतं तसंच. ज्या तापमानाला हे सुरू होतं तो दवबिंदू. आता आपल्याकडचा हिशोब बघा, डिसेंबरात संध्याकाळी २४ अंश आणि आर्द्रता ६० टक्के असेल तर दवबिंदू १६ अंशाच्या आसपास येतो, आणि कोल्हापुरात त्या दिवसांत पहाटे पारा १५ च्या जवळपास किंवा त्याखाली जाणं नेहमीचंच. म्हणजे पहाटे दव पडणार हे संध्याकाळी हॅमॉक बांधतानाच ठरलेलं असतं. मोबाईलवरच्या हवामानाच्या ॲपमध्ये ड्यू पॉइंट म्हणून आकडा असतो, तो बघा आणि रात्रीचं कमीत कमी तापमान बघा. किमान तापमान दवबिंदूच्या चार-पाच अंश वर राहणार असेल तर निवांत झोपा, दोन्ही आकडे जवळजवळ आले की तयारीनं बांधा.

दुसरा पुरवठा आपला स्वतःचा. झोपलेला माणूस घाम न येता सुद्धा श्वासातनं आणि कातडीतनं मिळून रात्रीत पाव लिटरच्या आसपास पाणी हवेत सोडतो. हे थांबवता येत नाही, थांबवायचं पण नाही. ती वाफ बाहेर जायला वाट ठेवायची, एवढंच आपल्या हातात असतं आणि तेवढं पुरतं.

आता तपासणी. जाग आली की लगेच उठून झाडझूड करू नका, पडल्या पडल्या हात फिरवा. टार्पच्या आतल्या बाजूला डोक्याच्या वर बोट लावा, मग पायाच्या वर लावा, मग हात बाहेर काढून टार्पची वरची बाजू चाचपा. पांघरुणाचा तोंडाजवळचा काठ बघा, छातीवरचा भाग बघा, पायाचं टोक बघा. मग कुशीवर वळा आणि पाठीखालचं कापड हातानं दाबून बघा. उठल्यावर शेवटची एक गोष्ट, उघड्यावर लावलेल्या गाडीची सीट बघा. सीट पण निथळत असेल तर रात्री दव पडलंय आणि ते सगळ्यांवर सारखंच पडलंय. सीट कोरडी आणि तुम्ही मात्र ओले, तर ते पाणी तुमच्या श्वासाचं आणि घामाचं आहे, जागेला दोष देऊन उपयोग नाही. गाडी झाडाखाली लावली असेल तर ही परीक्षा चालत नाही, कारण झाडाखाली दव कमी पडतं.

ते कमी का पडतं हे कळलं की निम्मा प्रश्न सुटतो. निरभ्र रात्री उघड्या आभाळाकडं तोंड करून असलेली प्रत्येक वस्तू आपली उष्णता वर सोडत राहते आणि आजूबाजूच्या हवेपेक्षा काही अंश गार होते. टार्पचं पातळ कापड तर लई लवकर गार होतं. त्याच्यावर घनदाट झाडाचा डेरा असेल तर पानं ती उष्णता परत खाली देतात आणि टार्प तेवढा गार पडत नाही. म्हणून पानगळ झालेल्या झाडांना बांधलेला हॅमॉक आणि आंबा, जांभूळ, फणस असल्या बारमाही हिरव्या झाडांखाली बांधलेला हॅमॉक, दोन्ही एकाच रानात असले तरी सकाळी हाताला फरक कळतो. आंब्याची जोडी मिळाली तर सोडू नका, फक्त वर वाळकी फांदी नाही ना हे उजेड असतानाच बघून घ्या.

जागेवर मी जास्त बोलणार कारण सत्तर टक्के लोक इथंच फसतात असं आकडा लावून नाही सांगत, पण ज्यांचं अंथरूण ओलं होतं त्यांनी कुठं बांधलं होतं विचारलं की उत्तर बहुतेक पाण्याकाठचं येतं. कुणाला प्रयाग चिखलीचा संगम आवडतो, कुणाला तिथनं खाली पंचगंगेचा काठ, कुणाला काळम्मावाडीचं बॅकवॉटर, कुणाला राधानगरीच्या लक्ष्मी तलावाकडची बाजू. दिसायला सगळं सुंदर. पण रात्री गार हवा जड होऊन उतारावरनं खाली सरकते आणि नदीच्या नाहीतर ओढ्याच्या खोलगटात साठते, तिथं आधीच पाण्यावरची ओली हवा असते, वारा नसतो, मग पहाटे नदीवर धुकं धरतं ते तुमच्या टार्पच्या आत पण धरतं. काठापासनं उठून उतारावर थोडं वर जा, पंधरा-वीस मीटर उंची चढलात तरी फरक पडतो, अगदी माथ्यावर जायची गरज नाही, तिथं वाऱ्याचा त्रास वेगळा. खोलगटाच्या वर आणि माथ्याच्या खाली जो मधला पट्टा असतो तो रात्री दोन्हीपेक्षा उबदार राहतो.

आपल्या भागात अजून एक गोष्ट आहे जी बाहेरच्या कुठल्या व्हिडिओत सांगत नाहीत, ती म्हणजे ऊस. करवीर, हातकणंगले, कागल, कुठल्याही पै-पाहुण्यांच्या शेतावर बांधावरच्या दोन झाडांना हॅमॉक बांधायचा बेत होतो, आणि शेजारी डोक्याच्या वर गेलेला ऊस उभा असतो. तो वारा पूर्ण अडवतो आणि पानांतनं ओलावा सोडत राहतो, त्यात त्या दिवशी पाणी पाजलेलं असेल तर रानातनं वाफ येतेच. अशा ठिकाणी टार्प किती पण भारी असू दे, पहाटे आतनं पाणी सुटणारच. तोडणी झालेल्या रानाकडची बाजू बघा, नाहीतर घराजवळच्या मोकळ्या खळ्याकडची झाडं बघा, आणि शेतमालकाला विचारून घ्या की पाणी कधी पाजलंय आणि रात्रीची लाईट असेल तर मोटर सुरू करणार आहेत का. हे विचारायला कुणी लाजू नये, शेतकऱ्याला त्याच्या रानातली गार जागा आणि उबदार जागा तोंडपाठ असते. रानात जाणार असाल तर, राधानगरी-दाजीपूर अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय रात्री राहायचं नाही, कोरडी जागा कितीही चांगली दिसली तरी.

आता टार्पच्या आतनं टपकणारं पाणी. उजाडताना टार्पच्या मधल्या शिवणीजवळ तोंड नेऊन बघा, शिवणीला मोहरीएवढे थेंब ओळीनं धरलेले असतात. कापडाला नीट उतार असेल तर ते मोठे झाले की घरंगळत कडेला जातात आणि बाहेर पडतात. टार्प सपाट ताणला असेल किंवा मधे झोळ पडला असेल तर तिथंच फुगत बसतात, आणि वरनं एक पान पडलं किंवा लघवीला उठलेल्या कुणाचा पाय ताणाच्या दोरीला लागला की सगळे एकदम तोंडावर. माणूस दचकून उठतो आणि म्हणतो टार्प गळतोय. पावसात तर हे अजून फसवं, बाहेरचे टपोरे थेंब कापडावर आपटले की आतले थेंब तुटून बारीक तुषार अंगावर येतात आणि वाटतं कापडातनं पाणी पार झालं. खात्री करायची असेल तर टार्पची आतली बाजू एका पंचानं कोरडी पुसा आणि पाऊस चालू असतानाच दहा मिनिटं बघा. एकाच जागी परत पाणी आलं तर गळती, पुसलेलं सगळं कोरडं राहिलं तर कापड ठीक आहे.

उपाय सोपा हाय पण मनाला पटायला वेळ लागतो: टार्प वर घ्या. पावसाचं चिन्ह नसेल तर हॅमॉकच्या दोन टोकांमधे वरनं ताणलेल्या दोरीपासनं टार्प एक-दीड हात उंच, दोन्ही टोकं उघडी, बाजू तिरक्या पण जमिनीपासनं चांगल्या वर, जेणेकरून खालनं हवा शिरेल आणि टोकातनं निघून जाईल. नुसती एक बाजू उघडी ठेवून भागत नाही, हवेला यायला पण वाट पाहिजे आणि जायला पण. वारा थोडा असेल तर हॅमॉकची लांबी वाऱ्याच्या दिशेनं ठेवा म्हणजे टार्पच्या बोगद्यातनं झुळूक आरपार जाते. गार वारं लागेल ही भीती असते, पण वाऱ्याची थंडी पांघरुणानं आणि खालच्या थरानं अडवायची, टार्पनं नाही. कोरड्या अंगाला लागणारी झुळूक ओल्या पांघरुणापेक्षा कधीही परवडली. सिलिकॉन लावलेलं नायलॉन असेल तर ते ओलं झालं की सैल पडतं, म्हणून झोपायच्या आधी एकदा आणि मधे जाग आली तर परत एकदा दोऱ्या ताणून घ्या, पॉलिस्टरला हा त्रास बराच कमी.

ताडपत्री वापरणाऱ्यांनी पण हेच करायचं, फक्त ती जड असल्यानं मधे लोंबते तर खालनं एक दोरी आडवी ताणून तिच्यावर टाका. आणि टार्पच्या खाली स्टोव्ह पेटवून चहा, मॅगी काही करू नका, भिजलेले टी-शर्ट आणि मोजे तिथं वाळत घालू नका. ती सगळी वाफ वर जाऊन बसते आणि पहाटे परत येते.

पाठीखालची ओल हा वेगळाच विषय. इथं दवाचा संबंध नसतो. फोमची मॅट, गाडीच्या काचेला लावतात ती चंदेरी शीट, इमर्जन्सीची चकचकीत चादर, यांच्यातनं वाफ पार होत नाही. पाठीतनं निघालेली वाफ मॅटला लागून तिथंच पाणी होते, आणि हॅमॉकचं कापड पाठीला चिकटून असतं त्यामुळं हवा खेळायला जागाच नाही. मॅट काढून टाका असं मी म्हणणार नाही, कारण हॅमॉकमध्ये खालनं थंडी लई लागते, अंगाखाली दबलेली स्लीपिंग बॅग काही कामाची राहत नाही. मॅट ठेवा, पण मॅट आणि पाठीच्या मधे लोकरीचा किंवा फ्लीसचा एक थर घाला. सुती चादर घालू नका, ती ओल शोषते आणि धरून ठेवते. दोन थरांचा हॅमॉक असेल तर मॅट दोन थरांच्या मधे सरकवा, पाठीला थेट लागत नाही आणि घसरत पण नाही. बजेट असेल तर हॅमॉकच्या बाहेरनं, खालनं टांगायचं भरणाचं पांघरूण, अंडरक्विल्ट म्हणतात ते, घ्या, त्याच्यातनं वाफ पार होते आणि पाठ कोरडी राहते. पण मग त्याच्या खालनं दव लागू नये म्हणून प्लास्टिक गुंडाळायचं नाही, गुंडाळलंत की फोमच्या मॅटवरचाच प्रश्न परत आला. वाऱ्यापावसाचे शिंतोडे अडवायचे असतील तर श्वास घेणारं कापड लावा आणि अंडरक्विल्टपासनं थोडं लोंबतं ठेवा.

पाठ ओली होण्याचं अजून एक कारण म्हणजे झोपतानाच जास्त कपडे घालणं. चढून आलेलो असतो, तांबडा-पांढरा नाहीतर झुणका-भाकर पोटभर झालेली असते, अंग तापलेलं असतं आणि त्याच जोरावर थर्मल, स्वेटर, जॅकेट घालून आत शिरतो. तासाभरात घाम. झोपायच्या आधी दिवसभराचे घामट कपडे बदला, कोरडा एक थर घाला, आणि आत गेल्यावर जरा गारवा जाणवतोय एवढ्यावरच थांबा, जॅकेट हाताशी ठेवा, पहाटे तीन-चारला खरी थंडी पडते तेव्हा घाला. रेनकोट किंवा विंडचीटर घालून तर झोपायचंच नाही.

पांघरुणाच्या तोंडाजवळचा काठ ओला असेल तर तुम्ही नाक आत घेऊन झोपताय. थंडीत ते आपोआप होतं, म्हणून डोकं पांघरुणात घालायची गरजच पडू नये अशी सोय करा. माकडटोपी घाला, गळ्याला मफलर, आणि नाकतोंड मोकळ्या हवेत. छातीवर मोठा गोल डाग असेल तर बहुतेक मच्छरदाणी तोंडावर पडलेली असते, जाळीवर श्वासाचं पाणी धरतं आणि ते खाली ठिबकतं. वरनं जाणारी दोरी नीट ताणली आणि जाळी तोंडापासनं दोन वीत वर राहिली की हे थांबतं. डासांचा काळ नसेल तर जाळी उघडी टाकून झोपा, ती पण हवा बरीच अडवते.

पांघरूण कशाचं यावर माझं मत स्पष्ट आहे. पिसांचं पांघरूण हलकं आणि उबदार असतं पण भिजलं की गोळा होतं आणि ऊब जाते, आपल्याकडच्या दमट पहाटेला सिंथेटिक भरणाचं बरं. आणि वजन उचलायची तयारी असेल किंवा गाडीवरनंच जाणार असाल तर वर एक घोंगडं टाका. लोकर आपल्या वजनाच्या साधारण ३० टक्क्यांपर्यंत ओलावा आत घेते तरी हाताला ओली वाटत नाही आणि ऊब टिकवते. पट्टणकोडोलीची घोंगडी धनगर माणूस मेंढरांमागं रानात वर्षानुवर्षं उगाच नाही वापरत. सकाळी जवळनं बघा, दवाचे बारीक मणी घोंगड्याच्या वरच्या केसांच्या टोकांवर उभे असतात, खालचं विणकाम कोरडं असतं. दोन झटके मारले की पाणी उडतं. वाकळ मात्र नको, सुती असते, एकदा ओली झाली की दिवसभर उन्हात टाकली तरी आतनं गार राहते.

पायाच्या टोकाला पांघरूण ओलं असेल तर ते टार्पला घासत असतं. आपण हॅमॉकमध्ये तिरके झोपतो त्यामुळं पाय एका बाजूला सरकतात, तिथं टार्पची बाजू बाहेर ओढा, एखादी काठी लावून फुगवली तरी चालतं. आणि पाणी फक्त हॅमॉकच्या टोकाला, पट्ट्याच्या बाजूनं आलेलं असेल तर ते दव पण नाही आणि श्वास पण नाही, झाडाच्या बुंध्यावरनं ओघळून पट्ट्यावरनं येतंय. टार्पच्या आडोशात पट्ट्याला सुतळीचा तुकडा बांधून खाली लोंबता सोडा, पाणी तिथनं गळून जाईल.

आता जिथं यातलं बरंच काही चालत नाही ती जागा. गगनबावडा, करूळ आणि भुईबावडा घाटाचा माथा, पावसाळ्यातला पन्हाळा आणि मसाई पठाराच्या कडा. कोकणातली ओली हवा घाट चढून वर येते, गार होते आणि तुम्ही ढगातच झोपलेले असता. आर्द्रता शंभर टक्के, धुक्याचे कण जाळीतनं सुद्धा आत येतात. तिथं टार्प उंच घेतला तर हवा खेळते पण ती हवाच ओली असते, वाळवणार काय? अशा रात्री कोरडं राहायचं ध्येय सोडा आणि ऊब टिकवायचं ठेवा. पश्चिमेकडनं ढग येतात ती बाजू खाली घ्या, पूर्वेकडची उघडी ठेवा, सिंथेटिक पांघरूण, अंगावर लोकर, एक कोरड्या कपड्यांची जोडी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेली आणि ती फक्त झोपतानाच घालायची. मायक्रोफायबरचा एक फडका जाळीच्या खिशात ठेवा, जाग आली की टार्पची आतली बाजू पुसून पिळून टाका, दोन मिनिटांचं काम आहे. सलग दोन रात्री असल्या धुक्यात काढायच्या असतील तर दुसरी रात्र खाली गावात छपराखाली काढा असंच मी सांगेन, कारण ओलं पांघरूण दुसऱ्या रात्री वाळत नाही आणि थंडी भरण्याचा धोका खरा असतो.

सकाळी आवरताना ओला टार्प आणि पांघरूण एका पिशवीत कोंबू नका. आधी टार्प झटका, आतनं पुसा, वेगळ्या पिशवीत बाहेरच्या खिशात टाका. पांघरूण ऊन अंगावर आल्यावर हॅमॉकवरच उलटं टाकून ठेवा, नाष्टा होईपर्यंत बरंच वाळतं. घरी आल्यावर त्याच दिवशी सगळं सावलीत, पंख्याखाली पसरा, कोरडं दिसलं तरी शिवणी आणि पट्ट्यांची गाठ हातानं दाबून बघा, ओल तिथंच राहते आणि तिथनंच बुरशी धरते. टार्पला आतनं पॉलियुरेथेनचा थर असेल तर ओला गुंडाळून ठेवल्यानं तो थर हळूहळू चिकट होतो, कुबट वास सुटतो, आणि त्यानंतर मात्र टार्प खरोखरच गळायला लागतो.